डाव्या कानाची खाच

रात्रीचे दोन वाजले होते आणि ऊन होतं.
बापाने सुरी दिली, मूठ माझ्याकडे करून,
आणि काही बोलला नाही.
बोलतो तेव्हा नॉर्वेजियनमध्ये बोलतो माझ्याशी,
बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं, व्याकरण सांभाळून.
रेनडिअरांशी मात्र पुटपुटतो त्या दुसऱ्या भाषेत
जी माझ्या वाट्याला आली नाही.

सात वर्षांचा असताना, वसतिगृहात,
बाईंनी विचारलं, नाव काय तुझं?
योव्ना, तो म्हणाला.
बाईंनी लिहिलं, योहान.
हे मला त्याने नाही, रावदना आत्याने सांगितलं,
कॉफीत चीज बुडवता बुडवता,
आणि वर म्हणाली, माझ्याकडून ऐकलंस म्हणू नकोस.

कुंपणात तीनशे जनावरं गोल फिरत होती,
पायांच्या शिरा टकटक वाजवत.
डासांचा नुसता धूर.
पाडस कुणाचं हे कागद सांगत नाही.
उभं राहायचं, बघायचं ते कुणामागे धावतं.
जिच्यामागे धावेल तिच्या कानावरची खूण
त्याच्या कानावर उतरवायची.

माझी खूण बारशालाच ठरलेली:
उजव्या कानाचा शेंडा उडवलेला,
डाव्याला खालच्या कडेला दोन खाचा.
बापाची तशीच, पण खाच एक.
म्हणजे मी, बाप अधिक एक खाच.
ट्रोम्सोतल्या औषधांच्या दुकानात
माझ्या पांढऱ्या कोटावर नाव आहे, आडनाव आहे,
त्यावरून हे कुणाला कळायचं नाही.
बारा वर्षं मलाही त्यावाचून अडलं नव्हतं.

हेइकाच्या मुलाने फास टाकला.
पाडस मी गुडघ्यांत धरलं,
त्याचं काळीज माझ्या मांडीवर धडका मारत होतं.
कान गरम, मऊ, आतून केसाळ.
उजवा झाला.
डाव्याला पहिली खाच, मग दुसरी,
आणि डोळ्यात डास गेला, त्याने मान झटकली,
सुरी वर चढली.
वरच्या कडेला तिसरी.

हेइका काठी टेकत आला, वाकला, कान उलटसुलट पाहिला.
हे तर माझं झालं की, म्हणाला,
आणि हसला,
पण थट्टा करत नव्हता. त्याची खूण तशीच आहे.
पाडस उठून आमच्या मादीकडे पळालं.
दूध आमच्या घरचं, कान शेजारच्या घरचा.

मी कानकोंडी होऊन उभी.
तेव्हा बाप बोलला, माझ्याकडे बघून,
त्या दुसऱ्या भाषेत.
मला निम्मं कळलं, निम्मं आत्याने लावून दिलं:
त्याच्या आजोबांच्या खुणेत डावा कान कोराच होता.
एका थंडीत बोटं बधिर झाली, सुरी घसरली,
खाच पडली.
तशी खूण दुसऱ्या कुणाची नव्हती,
म्हणून राहिली.
ती ही, मघाशी दोनदा बरोबर कापलीस ती.

मग आम्ही गवतावर बसून
खिशातले शेंडे काढले, पाडसामागे एक,
ओळीने मांडले. एक हेइकाने उचलून नेला,
त्याचा होता.
बाप मोजू लागला, मोठ्याने,
ऑक्ता, गुओक्ते, गोल्मा,
आणि मीही त्याच्याबरोबर.
सातपर्यंत मला येतं.
पुढे नुसते ओठ हलवले.
त्याने ते पाहिलं असावं,
कारण आठ तो दोनदा म्हणाला.